पक्षाघात आणि मेंदूतील ग्लिया पेशींचा प्रतिसाद : एक अभ्यास

बीजशब्द : पक्षाघात, ग्लिया पेशी, तारकापेशी, मायक्रोग्लिया, ग्लियाचा व्रण, पुनर्वसन

प्रस्तावना

एखाद्या व्यक्तीचे तोंड अचानक वाकडे झाले, बोलणे अडखळू लागले आणि एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, की वऱ्हाडात 'लकवा मारला' किंवा 'अंगावरून वारे गेले' असे म्हटले जाते. वैद्यकीय परिभाषेत या आजारास पक्षाघात असे म्हणतात. लोकभाषेतील नावांवरून हा आजार वाऱ्याचा किंवा हातापायांचा वाटतो. त्यामुळे पहिला उपचारही पुष्कळदा हातापायांवरच होतो. तेल चोळले जाते, शेक दिला जातो आणि रुग्णास 'थोडे बरे वाटेपर्यंत' घरी झोपवून ठेवले जाते. प्रत्यक्षात या आजाराचे मूळ मेंदूच्या रक्तपुरवठ्यात असते आणि घरी गेलेला प्रत्येक तास मेंदूच्या हिशेबात मोजला जातो.

हा आजार केवळ शहरी व सुखवस्तू वर्गाचा आहे, ही समजूत आता टिकणारी नाही. मुंबईत डॉ. प्रफुल्ल दलाल यांच्या नेतृत्वाखाली २००५-०६ मध्ये झालेल्या नोंदणीत दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे १४५ नवे रुग्ण आढळले होते. ग्रामीण विदर्भाचे चित्र गडचिरोली येथील 'सर्च' या संस्थेच्या अभ्यासातून पुढे आले. डॉ. योगेश्वर काळकोंडे, डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ गावांतील मृत्यूंची दोन वर्षे नोंद ठेवली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार १५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाले होते आणि मृत्यूच्या कारणांमध्ये पक्षाघाताचा क्रमांक पहिला होता. या मृत्यूंपैकी ८७.३ टक्के घरीच झाले, तर ४६.३ टक्के लक्षणे सुरू झाल्यापासून एका महिन्याच्या आत झाले.

अशा रुग्णाच्या कुटुंबापुढे दोन प्रश्न असतात. पहिला, रुग्णास किती लवकर न्यावयास हवे? दुसरा, काही आठवड्यांनी विचारला जाणारा, आता यापुढे सुधारणा होईल काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी मेंदूतील अशा पेशींशी निगडित आहेत, ज्यांच्याकडे विज्ञानाने दीर्घकाळ दुय्यम म्हणून पाहिले. त्या पेशी म्हणजे ग्लिया पेशी होत.

उद्दिष्टे

१) ग्लिया पेशींचे प्रकार व त्यांची नित्याची कार्ये स्पष्ट करणे.
२) पक्षाघातानंतर मिनिटे, तास, दिवस व आठवडे या क्रमाने ग्लिया पेशींमध्ये होणारे बदल विशद करणे.
३) या ज्ञानाचा ग्रामीण भागातील उपचार व पुनर्वसनाशी असलेला संबंध तपासणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेख वर्णनात्मक स्वरूपाचा असून त्यासाठी प्रकाशित संशोधनाचा दुय्यम साधने म्हणून आधार घेण्यात आला आहे. प्राण्यांवरील प्रयोगांतून हाती आलेले निष्कर्ष व मानवी रुग्णांतील निष्कर्ष यांचा उल्लेख स्वतंत्रपणे केला आहे.

१. ग्लिया पेशींची ओळख

मेंदूतील संदेशवहनाचे काम चेतापेशी करतात. या चेतापेशींच्या अवतीभवती असणाऱ्या पदार्थास जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी १८५६ मध्ये 'ग्लिया' हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सरस किंवा डिंक असा आहे. चेतापेशींना एकत्र चिकटवून ठेवणारा पदार्थ, एवढेच तेव्हा त्याचे कार्य मानले गेले. पुढे स्पेनमधील पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ ते १९२१ या काळात चांदीच्या क्षारांनी पेशी रंगविण्याच्या पद्धतीने मायक्रोग्लिया व ऑलिगोडेंड्रोसाइट हे दोन प्रकार वेगळे करून दाखविले. तारकापेशी त्यापूर्वीच ज्ञात होत्या.

ग्लिया पेशी चेतापेशींच्या दहापट असतात, असे पाठ्यपुस्तकांतून अनेक वर्षे सांगितले जात असे. २००९ मध्ये ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या मोजणीत मानवी मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी व जवळपास तितक्याच इतर पेशी आढळल्या. संख्या घटली असली, तरी त्यांचे महत्त्व मात्र या काळात वाढतच गेले.

तारकापेशींना त्यांच्या ताऱ्यासारख्या आकारामुळे हे नाव मिळाले आहे. त्यांच्या शाखांची टोके एकीकडे रक्तवाहिन्यांना वेढून असतात, तर दुसरीकडे चेतापेशींच्या सांध्यांना भिडलेली असतात. रक्तातील पोषण चेतापेशींपर्यंत पोहोचविणे, सांध्यांवर उरलेली रसायने उचलून घेणे आणि क्षार व पाण्याचा समतोल राखणे ही त्यांची कामे होत. मायक्रोग्लिया हे मेंदूचे रक्षक आहेत. त्यांचे मूळ मेंदूत नसून गर्भाच्या अगदी आरंभीच्या अवस्थेतील पीतककोशात असते, असे २०१० मध्ये उंदरांवरील संशोधनात दिसून आले. ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी चेतापेशींच्या लांब तंतूंवर मायलिनचे आवरण चढवितात. विजेच्या तारेवरील वेष्टणाप्रमाणे या आवरणामुळे संदेश वेगाने व न गळता पुढे जातो.

२. पक्षाघातात मेंदूत काय घडते?

पक्षाघाताचे मुख्य प्रकार दोन आहेत. गुठळीमुळे रक्तवाहिनी बंद पडणे हा पहिला व अधिक आढळणारा प्रकार, तर रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होणे हा दुसरा प्रकार होय. पुढील विवेचन मुख्यतः पहिल्या प्रकाराविषयी आहे.

शरीराच्या वजनाच्या अवघा दोन टक्के असलेला मेंदू शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के वापरतो. साठा मात्र जवळजवळ ठेवत नाही. दर १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारणतः ५० मिलिलिटर रक्त मिळते. हा पुरवठा २० मिलिलिटरच्या खाली गेला की चेतापेशींचे काम थांबते. १० च्या खाली गेला की त्या मरू लागतात. या दोन मर्यादांच्या मधला, काम थांबलेला परंतु अद्याप जिवंत असलेला भाग उपच्छाया क्षेत्र म्हणून ओळखला जातो. ग्रहणातील अंधुक छायेवरून हे नाव आले आहे. पक्षाघाताचा तातडीचा उपचार हा या क्षेत्राला वाचविण्याचा उपचार होय.

अमेरिकेतील डॉ. जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, मोठी रक्तवाहिनी बंद पडून झालेल्या पक्षाघातात उपचार न मिळाल्यास दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात. व्यक्तीनुसार हा वेग पुष्कळ बदलतो. तरीही या सरासरीने अर्ध्या तासाचा विलंब म्हणजे ५ कोटी ७० लाख चेतापेशींची हानी ठरते.

३. तारकापेशी : पहिल्या मिनिटांतील कसोटी

रक्तपुरवठा थांबताच चेतापेशींतील ऊर्जा संपते व त्यांच्यातून ग्लुटामेट हे रसायन मोठ्या प्रमाणात बाहेर पडते. एरवी संदेश पोहोचविणारे हे रसायन अति झाले की शेजारच्या चेतापेशींना उत्तेजित करून मारते. सांध्यांवरील जादा ग्लुटामेट शोषून घेऊन त्याचे निरुपद्रवी ग्लुटामाइनमध्ये रूपांतर करणे हे तारकापेशींचे नित्याचे काम आहे. त्यांच्याजवळ ग्लायकोजेनचा थोडा साठा असतो व प्राणवायूविना ऊर्जा मिळविण्याची क्षमताही चेतापेशींपेक्षा अधिक असते. त्यामुळे उपच्छाया क्षेत्रात त्या काही काळ तग धरून शेजारच्या चेतापेशींना सांभाळतात. हानीच्या केंद्रभागी मात्र त्यांचीही ऊर्जा संपते. तेथे ग्लुटामेट शोषणे थांबते, काही वेळा उलट दिशेने ते बाहेरही टाकले जाते.

याच वेळी तारकापेशी फुगू लागतात. रक्तवाहिन्यांना वेढणाऱ्या त्यांच्या टोकांवर ॲक्वापोरिन-४ नावाची पाण्याची सूक्ष्म द्वारे असतात. क्षारांचा समतोल बिघडला की या द्वारांतून पाणी आत शिरते. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ही द्वारे नसलेल्या उंदरांत पक्षाघातानंतर मेंदूची सूज कमी आढळली. कवटी ताठ असल्याने सुजेला पसरण्यास जागा नसते. मोठ्या पक्षाघातानंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास रुग्णाची प्रकृती एकाएकी खालावते, त्याचे एक प्रमुख कारण ही सूज होय. 'पहिल्या दिवशी तर बोलत होता' असे नातेवाईक सांगतात, त्यामागील शरीरक्रिया ही अशी आहे.

तारकापेशींच्या साहाय्याचा एक अनपेक्षित पुरावा २०१६ मध्ये पुढे आला. बॉस्टन येथील संशोधकांना उंदरांतील प्रयोगात असे आढळले की, पक्षाघातानंतर तारकापेशी आपल्यातील मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतील ऊर्जाकेंद्रे, बाहेर सोडतात आणि संकटात सापडलेल्या चेतापेशी ती आत घेतात.

४. मायक्रोग्लिया : सफाई आणि तिची किंमत

शांत अवस्थेतील मायक्रोग्लिया स्वस्थ बसलेल्या असतात, असे पूर्वी मानले जाई. २००५ मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूचे सूक्ष्मदर्शकाखाली थेट निरीक्षण केले असता त्यांच्या बारीक शाखा सतत हलत असून आसपासच्या जागेची टेहळणी करीत असल्याचे दिसले. इजा होताच या शाखा काही मिनिटांत त्या दिशेने वळतात.

पक्षाघातानंतरच्या तासांत मायक्रोग्लियाच्या शाखा आखूड होतात, पेशी गोलसर बनतात व हानीच्या जागी जमतात. तेथे त्या दोन प्रकारची कामे करतात. मेलेल्या पेशींचे अवशेष गिळून जागा स्वच्छ करणे व दुरुस्तीस पोषक द्रव्ये सोडणे, हे पहिले काम होय. दुसरे काम म्हणजे दाह वाढविणारी रसायने सोडणे. या रसायनांमुळे रक्त व मेंदू यांच्यातील अडसर सैल होतो, रक्तातील पांढऱ्या पेशी आत शिरतात आणि हानीचा परीघ वाढू शकतो. सफाईच्या कामातही धोका आहे. ताणाखाली असलेल्या, परंतु वाचू शकणाऱ्या चेतापेशी 'मला गिळा' असा रासायनिक संकेत बाहेरच्या पृष्ठावर दाखवितात आणि मायक्रोग्लिया त्यांनाही गिळतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राण्यांवरील संशोधनात हे गिळणे रोखले असता नंतर होणारी चेतापेशींची हानी कमी झाली.

मग मायक्रोग्लिया काढूनच टाकल्या तर? २०१६ मध्ये उंदरांवर नेमका हाच प्रयोग झाला. औषधाने मायक्रोग्लिया आधीच नष्ट केलेल्या उंदरांत पक्षाघाताची हानी कमी न होता सुमारे ६० टक्क्यांनी वाढली. चेतापेशींच्या अतिउत्तेजनाला आवर घालण्याचे कामही मायक्रोग्लिया करतात, हे यातून स्पष्ट झाले. ज्या पेशी नंतर काही चेतापेशी गिळतात, त्याच पेशी आरंभी अनेक चेतापेशींना वाचवितात.

५. मायलिन करणाऱ्या पेशींची हानी

ऑलिगोडेंड्रोसाइट या रक्ताच्या तुटवड्याला विशेष नाजूक असतात. त्या मेल्या की चेतापेशी जिवंत असूनही तिच्या तंतूवरील आवरण गळते व संदेश अडखळतो. हाताला हलण्याची आज्ञा मेंदूत निघते, परंतु वाटेत क्षीण होते. या पेशींच्या पूर्वजपेशी प्रौढ मेंदूतही शिल्लक असतात. पक्षाघातानंतर हानीच्या कडेने त्यांची संख्या वाढते. तथापि त्यांपैकी अनेक पूर्ण विकसित होत नाहीत व मायलिनची दुरुस्ती अर्धवट राहते. वार्धक्यात ही क्षमता आणखी मंदावते.

६. ग्लियाचा व्रण : अडथळा की बांध?

पुढील काही दिवसांत हानीच्या कडेवरील तारकापेशी आकाराने मोठ्या होतात, त्यांची संख्या वाढते व त्यांच्यात जीएफएपी हे तंतुमय प्रथिन मोठ्या प्रमाणात तयार होते. काही आठवड्यांत त्यांच्या एकमेकींत गुंतलेल्या शाखांची एक भिंत उभी राहते. यालाच ग्लियाचा व्रण म्हणतात. या व्रणात तंतूंची वाढ रोखणारी काही द्रव्ये असतात. त्यामुळे मेंदूची दुरुस्ती न होण्याचा दोष अनेक दशके या व्रणावर ठेवण्यात आला.

अलीकडील पुराव्यांनी हे मत बदलावयास लावले आहे. तारकापेशींतील तंतुमय प्रथिने नसलेल्या, म्हणजे नीट व्रण न धरू शकणाऱ्या उंदरांत पक्षाघाताची हानी अधिक मोठी होते, असे २००८ मध्ये आढळले. २०१६ मध्ये मज्जारज्जूच्या इजेवरील प्रयोगात व्रण रोखल्यानंतरही तंतू वाढले नाहीत. उलट व्रणातील तारकापेशी वाढीस साहाय्य करीत असल्याचे दिसले. पुराच्या दिवसांत नदीकाठच्या गावास बांधाचे जे महत्त्व असते, तेच या व्रणाचे आरंभीच्या काळात असते. दाहाचा लोंढा तो केंद्रभागी अडवून धरतो व निरोगी भाग वाचवितो. पूर ओसरल्यानंतर हाच बांध वाट अडवू शकतो, हेही तितकेच खरे.

तारकापेशींचे 'घातक' व 'हितकर' असे दोन गट पाडण्याचा प्रयत्न काही वर्षे झाला. २०२१ मध्ये या क्षेत्रातील अनेक संशोधकांनी एकत्रित निवेदनाद्वारे असे दोनच कप्पे करू नयेत, असे सुचविले. एकाच पेशीचे कार्य वेळ, जागा, वय व सोबतचे आजार यांनुसार बदलते, हे त्यामागील कारण होय.

७. औषधांचे अपयश व त्याचा बोध

पक्षाघातात मेंदूचे रक्षण करू पाहणाऱ्या औषधांचा इतिहास निराशाजनक आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात प्रयोगशाळेत तपासलेल्या १०२६ उपचारांची नोंद होती. त्यांपैकी ११४ उपचार मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचले; परंतु गुठळी विरघळविण्याचा उपचार वगळता हाती फारसे काही लागले नाही. या अपयशाची कारणे अनेक आहेत. प्रयोगांत तरुण व निरोगी उंदीर वापरले जातात, तर रुग्ण बहुधा वयस्क असून त्यास रक्तदाब किंवा मधुमेह असतो. लक्ष केवळ चेतापेशींवर केंद्रित झाले, हेही एक कारण सांगितले जाते. ग्लियाचा प्रतिसाद सरसकट दाबला तर संरक्षण व दुरुस्तीही दाबली जाते. म्हणून कोणता प्रतिसाद, केव्हा व किती काळ आवरावा, हा आजच्या संशोधनाचा मुख्य प्रश्न बनला आहे.

निदानाच्या बाबतीत मात्र ग्लियाच्या अभ्यासातून एक आशादायक दिशा मिळाली आहे. रक्तस्रावात तारकापेशी झपाट्याने फुटतात व त्यांतील जीएफएपी लवकर रक्तात उतरते. गुठळीच्या प्रकारात ते सावकाश वाढते. गुठळी विरघळविणारे औषध रक्तस्रावाच्या रुग्णास दिल्यास जीवघेणे ठरते. म्हणूनच सीटी स्कॅनपूर्वी ते देता येत नाही. रक्ताच्या थेंबावरून हा भेद ओळखता आल्यास स्कॅनपासून दूर असलेल्या गावांना त्याचा मोठा लाभ होईल. ही तपासणी पक्षाघातासाठी अद्याप संशोधनाच्या टप्प्यावर असून सीटी स्कॅनची जागा तिने घेतलेली नाही.

८. बाळापूरच्या संदर्भात

मन व म्हैस नद्यांच्या संगमावर वसलेले बाळापूर पूर्वीच्या सहाव्या व आताच्या ५३ व्या क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर आहे. जिल्ह्याचे ठिकाण असलेले अकोला तेथून सुमारे २५ किलोमीटरवर असून अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणतः साडेचार तासांच्या आत देणे आवश्यक असते. निवडक रुग्णांत नळीद्वारे गुठळी काढण्याची क्रिया २४ तासांपर्यंत करता येते. परंतु ती मोजक्या मोठ्या केंद्रांतच उपलब्ध असते. अंतराचा विचार करता रस्त्यावर जाणारा वेळ मर्यादित आहे. अधिक वेळ लक्षण ओळखण्यात व निर्णय घेण्यात जाण्याची शक्यता असते. तोंड वाकडे होणे, हात खाली पडणे, बोलणे अडखळणे, तोल जाणे किंवा अचानक दिसेनासे होणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे व लक्षण सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवणे, हे कोणत्याही घराला शक्य आहे. रुग्ण सकाळी उठतानाच लुळा आढळल्यास तो शेवटचा निरोगी केव्हा दिसला, ती वेळ सांगावी. गिळण्याची तपासणी होईपर्यंत त्यास तोंडाने पाणी, औषध किंवा काढा देऊ नये.

दुसरा प्रश्न पुनर्वसनाचा आहे. दाह ओसरल्यानंतरच्या आठवड्यांत ग्लिया पेशी वाढीस पोषक द्रव्ये सोडतात आणि उरलेल्या चेतापेशी नवे सांधे जोडतात. उंदरांवरील २००४ च्या प्रयोगात पाचव्या दिवशी सुरू केलेल्या सरावाने ठळक सुधारणा झाली, तर तिसाव्या दिवशी सुरू केलेल्या सरावाचा उपयोग जवळजवळ झाला नाही. अतिघाईदेखील हितकर नाही. २१०४ रुग्णांवरील व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिल्या २४ तासांतच पुष्कळ हालचाल करविलेल्या रुग्णांची स्थिती तुलनेने कमी चांगली राहिली. २०२१ मधील ७२ रुग्णांच्या छोट्या अभ्यासात हाताच्या जादा सरावाचा सर्वाधिक लाभ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दिसला. नेमका या काळात रुग्ण घरी असतो व 'आता देवाच्या हाती' असे म्हणून खाटेवर पडून राहण्याची भीती असते.

ही जबाबदारी केवळ कुटुंबावर सोपवून भागत नाही. भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नातेवाइकांना शिकवून घरी व्यायाम करविण्याने सहा महिन्यांनंतरच्या परावलंबनात फरक पडला नाही. तालुक्याच्या ठिकाणी प्रशिक्षित भौतिकोपचार तज्ज्ञांची नियमित सेवा ही म्हणूनच चैन नसून उपचाराचाच भाग ठरते.

निष्कर्ष

१) ग्लिया पेशी या मेंदूतील केवळ भरणा नसून पक्षाघातानंतरच्या प्रत्येक टप्प्यावर त्या निर्णायक भूमिका बजावतात.
२) त्यांचा प्रतिसाद सरसकट हितकर किंवा घातक ठरविता येत नाही. आरंभी वाचविणारी क्रिया पुढे अडथळा ठरू शकते. म्हणून उपचारात वेळेचे भान सर्वांत महत्त्वाचे आहे.
३) प्राण्यांतील यश मानवी उपचारात अद्याप उतरलेले नाही. आज सिद्ध असलेले उपाय म्हणजे रक्तदाबावर नियंत्रण, तातडीने रुग्णालय गाठणे व योग्य वेळी सुरू केलेले पुनर्वसन हे होत.
४) 'वारे गेले' या समजुतीमुळे पहिले तास वाया जातात आणि 'आता काही होणार नाही' या समजुतीमुळे पुढचे महिने. मेंदूतील पेशी या दोन्ही काळांत कार्यरत असतात. त्यांच्या कामाला माणसाची वेळेवर साथ मिळावी, यासाठी आशा कार्यकर्त्या, शिक्षक व महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्यामार्फत ही माहिती गावोगाव पोहोचविणे अगत्याचे आहे.